लगाम दिसला की मान वर करणारी घोडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दिवाळीत अकलूजच्या घोडेबाजारातून मारवाडी घोडी आणली, विकणाऱ्याने साडेतीन वर्षांची सांगितली. मोहरकी (बांधायला डोक्यावर चढवतात तो साज) घालू देते, खरारा करू देते, पायही उचलू देते. पण लगाम हातात दिसला की मान वर आणि दात घट्ट. एकाने कान धरायचा, दुसऱ्याने अंगठा घालून बिट, म्हणजे लगामाचा तोंडात जाणारा लोखंडी भाग, कोंबायचं, असं केलं की लगाम चढतो. मग ती डोकं झटकत राहते आणि जीभ एका बाजूने बाहेर काढते. मोहोळकडची माणसं म्हणतात, काटेरी लगाम घाला, दोन दिवसांत सरळ येईल. तो घालावा का, आणि नसेल घालायचा तर दुसरं काय करावं?

काटेरी लगाम घालू नका. त्याचं कारण पुढे येईलच.

लगाम घालायचा कसा, असं तुम्ही विचारलंय. पण लगाम तर तुम्ही रोज घालताय. घोडीच्या लेखी लगाम म्हणजे कानाला पडणारी पकड, हिरडीत रुतणारं बोट, दातांवर आपटणारं लोखंड आणि त्यानंतर तोंडाला बसणारा हिसका. या चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत. त्या एकदम सोडवायला गेलं की एकही सुटत नाही. म्हणून मी प्रत्येक तक्रार वेगळी काढतो आणि बिट हातात घेतो ते अगदी शेवटी. किती दिवस लागतील हे तिच्या तोंडात आज काय दुखतंय आणि याआधी तिला किती जणांनी हाताळलंय यावर आहे. कोरं शिंगरू आठ-पंधरा दिवसांत बिट घेतं. बिघडवलेल्या घोडीला महिना-दीड महिना धरून चाला, आणि तेवढे दिवस तिच्यावर लगाम घालून बसू नका. एरवी तयारी करायची आणि रविवारी मात्र कान पिळून रपेट मारायची, असं केलं तर आठवड्याची मेहनत त्या एका सकाळी जाते.

पहिलं काम तोंड तपासण्याचं. अडीच ते साडेचार वर्षांच्या काळात घोड्याचे चोवीस दुधाचे दात पडतात: पुढचे बारा आणि दाढांचे बारा. पुढच्या दातांतली मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास बदलते, त्याच्या बाजूची साडेतीनला, कडेची साडेचारला. तुमची घोडी खरंच साडेतीनची असेल तर मधले दात मोठे, पक्के दिसतील आणि बाजूचे नुकतेच वर आलेले किंवा हलणारे असतील. मागे दाढांवर दुधाच्या दाताची टोपी सैल होऊन अडकलेली असू शकते. अशा वेळी हिरडी सुजते आणि ज्या घोड्याला काल काही वाटत नव्हतं तो आज तोंडाला हात लावू देत नाही. याला लोक खोड म्हणतात. ते दुखणं असतं.

दुसरी गोष्ट, वरच्या पहिल्या दाढेच्या पुढे बऱ्याच घोड्यांना एक छोटा, वाटाण्याएवढा जास्तीचा दात असतो. इंग्रजीत त्याला वुल्फ टूथ म्हणतात. तो सगळ्यांना नसतो, आणि असला तरी दर वेळी त्रास देतोच असं नाही. पण बिट मागे सरकलं की त्याच्यावर किंवा त्याच्या भोवतीच्या हिरडीवर दाबतं. पशुवैद्याला तोंड उघडं ठेवायची पकड लावून, गरज असेल तर गुंगीचं इंजेक्शन देऊन, आतपर्यंत बघायला सांगा. नुसते ओठ फाकवून पुढचे दात पाहिले की झालं, असं नाही. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होतात आणि गालाला आतून कापतात. लगामाचे गालावरचे पट्टे आणि नाकपट्टा तोच गाल त्या धारेवर दाबतात. कडा घासून घेणं हे छोटं काम आहे. जास्तीचा दात काढला तर जखम भरेपर्यंत, साधारण दोन आठवडे, तोंडात काही घालायचं नाही. धनुर्वाताची लस झालेली नसेल तर तीही याच भेटीत उरकून घ्या, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो.

आणि सोलापूरकडे एक गोष्ट हमखास बघावी लागते: कुसळं. पावसाळा सरला की माळावरचं कुसळी गवत वाळतं, त्याची कुसळं खालच्या ओठाच्या आत, जिभेखाली आणि दातांच्या मुळाशी टोचून बसतात. बाहेरून काही दिसत नाही. खालचा ओठ बाहेर वळवा आणि हिरडी व ओठ जिथे मिळतात त्या खाचेत बोट फिरवा. बारीक काळ्या काड्या आणि लालबुंद फोड दिसले तर घोडी दात का आवळते हे तुम्हाला तिथेच कळेल. चिमट्याने काढा, कोमट मिठाच्या पाण्याने धुवा, चार-पाच दिवस कुसळ नसलेला चारा द्या. कडबा देत असाल तर जाड बुडखे बाजूला करून, कुट्टी करून द्या.

आता तोंडाची रचना. पुढचे दात आणि दाढा यांच्या मधे दोन्ही बाजूंना रिकामी हिरडी असते, बिट तिथे बसतं. खालच्या जबड्यावर त्या जागी पातळ कातडीखाली थेट हाडाची धार आहे, मांस नाहीच म्हणा ना. तोंड मिटलेलं असताना जीभ जवळपास सगळी पोकळी भरून टाकते. त्यामुळे जाड बिट मऊ असतं हा समज छोट्या तोंडाच्या घोड्यांना महागात पडतो. मारवाडी, काठेवाडी आणि आपल्या भीमथडी घोड्यांचं तोंड अरुंद असतं. अशा तोंडात वीस-बावीस मिलिमीटर जाडीचं पोकळ बिट घातलं तर जिभेला जागाच उरत नाही आणि ती बाहेर येते. तुमच्या घोडीची जीभ बाहेर येण्याचं हे एक कारण असू शकतं. चौदा ते सोळा मिलिमीटर बरं पडतं.

रुंदीचं माप अंदाजाने घेऊ नका. सुती दोरी तोंडातून, बिट बसतं तिथून आडवी काढा, दोन्ही बाजूंना ओठाच्या कडेला खूण करा आणि अंतर मोजा. त्यात प्रत्येक बाजूला पाच मिलिमीटर धरा. बहुतेक मारवाडींचं माप साडेचार ते पाच इंचांत येतं, पण तुमच्या घोडीचं किती हे दोरीच सांगेल. बिट लहान झालं तर ओठाची कड चिमटीत येते. मोठं झालं तर ते एका बाजूला सरकतं आणि मधला जोड जागा सोडतो.

सुरुवातीला साधं स्नॅफल घ्या, ज्याला बाहेर दांड्या नाहीत, नुसत्या कड्या आहेत. त्यातही एगबट, म्हणजे कडी आणि बिट यांचा जोड गोलसर व न सरकणारा. ओठाची कातडी त्यात अडकत नाही. मधे एक छोटा मणी असलेलं तीन तुकड्यांचं बिट मला एका जोडाच्या बिटापेक्षा पसंत आहे, ते जिभेवर सपाट बसतं. काही घोड्यांना मात्र एका जोडाचंच आवडतं, इथे घोडी म्हणेल ते खरं. बाजारात यात्रेच्या वेळी स्वस्तात मिळणाऱ्या बिटांवरून बोट फिरवून बघा. मुलामा निघालेला, ओतकामाची खरबरीत शिवण राहिलेली, असं बरंच असतं. बोटाला लागलं तर जिभेला लागणारच.

काटेरी लगाम का नको, तर तो पहिल्या दिवशी चालतो म्हणूनच. घोडी दुखण्याला घाबरून थांबते, बघणाऱ्याला वाटतं वठणीवर आली. मग ती दुखणं चुकवायला मान वर करते, पाठ खाली दाबते. बिट हिरडीवरून सटकतं आणि ताबा उलट कमी होतो. पुढे जखमा भरून तिथे जाड वण येतो, जाणीव बोथट होते आणि मालक त्याहून कडक लगाम शोधू लागतो. काही घोडी दुखलं की थांबण्याऐवजी उधळतात, आणि वरातीच्या गर्दीत उधळलेली घोडी म्हणजे काय हे सांगायला नको. शिवाय जनावरांवरील क्रूरतेबाबतच्या 1965 च्या नियमांत काटे किंवा टोकदार उंचवटे असलेलं बिट वापरायला बंदी आहे.

तोंड बरं आहे याची खात्री झाली की शिकवणी. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं पुरे. आधी थोडा चारा खाऊ द्या, चंदी (दाणा) नंतर. उपाशी घोडीचं लक्ष तोबऱ्यावर असतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत उरका.

सुरुवात डोकं खाली आणण्यापासून. मोहरकी घातलेली असू द्या, दोरी सैल. कानांच्या मागे, मानेच्या टोकावर तळहात ठेवा आणि दोन बोटांनी हलका, एकसारखा दाब द्या. ती आधी डोकं वर करेल. हात तिच्याबरोबर वर जाऊ द्या, दाब वाढवू नका, काढूही नका. डोकं अर्धा इंच जरी खाली आलं तरी हात झटकन उचला. तिला शिकवतो तो हा हात उचलण्याचा क्षण, दाब नाही. आठ-दहा वेळांत ती दाब येताच मान सोडू लागते. तिचं तोंड तुमच्या छातीच्या खाली यायला हवं. त्याच्या वर असलेल्या डोक्याला बिट दाखवू नका, कारण मग तुम्ही हात उंचावणार आणि ती त्याहून उंच जाणार.

त्याच वेळी कानांचं काम. मारवाडीचे आत वळलेले कान ही तिची शान, आणि म्हणूनच येणारा-जाणारा आधी कानाला हात घालतो. तुमच्या घोडीचा तर लगामासाठी रोज कान धरला गेलाय. हाताची मागची बाजू मानेवरून सरकवत कानाला ओझरती लावा आणि ती हलायच्या आत पुढे निघून जा. थांबायचं नाही, पकडायचं तर मुळीच नाही. हळूहळू वेळ वाढवा, शेवटी कान पूर्ण हातात घेऊन पुढे हलका दुमडता आला पाहिजे. याला आठवडा गेला तरी जाऊ द्या. आणि घरात, तबेल्यात सगळ्यांना सांगून ठेवा की आजपासून हिचा कान कुणी धरणार नाही. एकाने प्रेमाने शिकवायचं आणि दुसऱ्याने पिळायचं, यात घोडीचं काही चुकत नाही.

मग तोंड उघडणं. डाव्या बाजूला, तिच्या डोक्याशेजारी, तिच्याच दिशेला तोंड करून उभे राहा. उजवा हात नाकाच्या हाडावर नुसता ठेवा. डाव्या हाताचा अंगठा ओठांच्या कोपऱ्यातून आत, दात नसलेल्या जागी. तिथे हिरडी दाबायची नाही. अंगठा जिभेला किंवा वरच्या टाळ्याला लागून थोडा हलवा, घोडी जीभ चाळवते आणि जबडा सुटतो. सुटला की अंगठा बाहेर. नख कापलेलं असावं, सांगायची गोष्ट नाही पण सांगतो. काही दिवसांत कोपऱ्याला बोट लागलं की ती आपणहून तोंड उघडते. हे पक्कं व्हायच्या आधी पुढे गेलात तर परत इथेच यावं लागेल.

आता दोरी. बोटाएवढी जाड, मऊ, धुतलेली सुती दोरी गुळाच्या पाण्यात बुडवून घ्या. तोंड उघडलं की दोरी बिटाच्या जागी आडवी येऊ द्या, दोन्ही टोकं तुमच्या हातात सैल, कुठेही बांधायची नाहीत. ती चघळेल, जिभेने ढकलेल, ढकलू द्या. दोरी पडली तर पडू द्या. तोंडात आलेली वस्तू आपल्याला सोडता येते हे तिला कळलं की अर्धा विरोध मावळतो.

दोरी तीन-चार दिवस बिनतक्रार गेली की बिट. पण पूर्ण लगाम नको. बिटाच्या उजव्या कडीला छोटी वादी लावून ती मोहरकीच्या उजव्या कडीत अडकवा, बिट लोंबतं ठेवा. मग डाव्या बाजूने ते तळहातावर घेऊन तोंडापाशी आणा आणि आत गेल्यावर डाव्या कडीत अडकवा. यात कानावरून काहीच न्यावं लागत नाही. बिटाला हरभऱ्याएवढा गूळ ओला करून चोळा, जास्त नको, नाही तर माश्या आणि मुंग्या. थंडीच्या सकाळी बिट हातात धरून कोमट करा. उन्हाळ्यात उलट: पत्र्याच्या शेडमध्ये खुंटीला टांगलेलं लोखंड दुपारी चटका देण्याइतकं तापतं, ते पाण्यात बुडवून मगच न्या.

बिट ओठांशी धरून थांबायचं. दातांवर ढकलायचं नाही. ती गुळासाठी ओठ हलवते, अंगठा कोपऱ्यात जातो, दात सुटतात आणि त्या क्षणी बिट वर उचललं जातं. दात सुटले नाहीत तर मागे या, मान खाली आणायचा हात पुन्हा करा, मग परत.

काढण्यावर मी घालण्यापेक्षा जास्त वेळ देतो. बहुतेक घोडी इथे बिघडतात. काम झालं, घाई आहे, मोतद्दार (घोडी सांभाळणारा) वादी सोडतो आणि लगाम खाली ओढतो. बिट खालच्या पुढच्या दातांमागे अडकतं, घोडी दचकून डोकं वर फेकते, लोखंड दातांवर खणकन आपटतं. दुसऱ्या दिवशी ती लगाम पाहूनच मान वर करते आणि आपण म्हणतो, काल तर नीट घेतला होता. वादी सोडल्यावर बिटाचं वजन दोन्ही हातांत धरून ठेवा आणि तिची वाट बघा. ती जबडा सोडेल, जीभ बाहेर ढकलेल, तेव्हाच बिट तिच्या दातांवरून खाली पुढे येऊ द्या. यात अर्धं मिनिट जाईल. तिने स्वतः टाकलेलं बिट ती दुसऱ्या दिवशी घेते.

आठवडाभर बिट असंच, लगामाच्या वाद्या (स्वार हातात धरतो ते पट्टे) न लावता, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. हातात मोहरकीची दोरी धरून फिरवा. सुरुवातीला ती जोरजोराने चावेल, ते चालतं. हळू चघळणं, ओठांवर थोडा फेस, मान सैल, ही चांगली लक्षणं. तोंड कोरडं, आ वासलेलं, जीभ बिटाच्या वर किंवा बाहेर असेल तर बिटाची जागा बघा. तोंडाच्या कोपऱ्यात एक हलकी सुरकुती पडेल इतकं वर ते असावं. खाली लोंबणारं बिट जीभ वर काढायला आमंत्रण देतं, बऱ्याचदा एक भोक वर घेतलं की हा प्रश्न सुटतो. जीभ बांधणं किंवा नाकपट्टा आवळणं हा उपाय नाही. नाकाच्या हाडावर पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत.

एक गोष्ट कधीच करायची नाही: बिटाच्या कडीला दोरी लावून घोडीला बांधणं. ती मागे हटली तर जीभ कापली जाते, जबड्याचं हाड मोडू शकतं. बांधायचं ते मोहरकीनेच. म्हणून लगामाखाली मोहरकी राहू द्या.

बिट घेतलं म्हणजे बिट कळलं असं नाही. जमिनीवर उभं राहून डावी वादी हातात घ्या आणि बोटं फक्त मिटा, स्पंज पिळल्यासारखी, मागे ओढू नका. नाक इंचभर डावीकडे वळलं की बोटं उघडा. मग उजवीकडे. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की दोन पावलं मागे, पुन्हा तसंच. स्वार बसल्यावर पहिले काही दिवस मोहरकीला लावलेल्या दोरीने वळवा, बिटाच्या वाद्या सैल ठेवा, आणि बिटावरचं काम हळूहळू वाढवा. नव्या स्वाराचा तोल गेला की तो वाद्यांवर लटकतो. म्हणून तिच्यावर बसायला शिकणारा माणूस नको. जो बसेल त्याला आयाळ धरायला सांगा किंवा मानेभोवती एक जुनी वादी बांधून ठेवा.

हे सगळं करूनही महिन्याभराने ती दात आवळतच असेल तर जबडा पुन्हा तपासून घ्या, या वेळी खालच्या हिरडीवर बोट फिरवून. जुन्या काटेरी लगामाने तिथे हाडाला गाठ आलेली असू शकते आणि ती दाबली की घोडी दचकते. अशा घोडीला नाकावर दाब देणारा बिनबिटाचा लगाम लावून काम घ्यावं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

तुम्ही पुढे लग्नसराईत तिला नवरदेवासाठी न्यायचं लिहिलंय. मोकळ्या मैदानात ती वाद्या सैल असताना बोटांच्या इशाऱ्यावर थांबत नसेल तोवर नेऊ नका. आणि नेलं तरी नवरदेवाच्या हातात वाद्या न देता त्याला खोगिराचा पुढचा भाग धरायला द्या. घोडी धरून चालणाऱ्याच्या हातात मोहरकीची दोरी द्या. डीजेसमोर दचकून त्याने हिसका दिला तरी तो तोंडाला लागणार नाही.